वर्डची यादी आणि जाऊबाईंचे फोल्डर

सदाशिव पेठेतल्या एका वाचक ताईंचं पत्र आलंय. ओळख पटेल असे तपशील गाळून ते थोडक्यात देतो.

ताई घरातल्या पुढच्या खोलीत टायपिंगची कामं करतात. भाडेकरार, सोसायटीच्या सभांची इतिवृत्तं, विद्यापीठातल्या मुलांचे प्रबंध, लग्नाळू मुलामुलींचे बायोडाटा. वर्ड उघडलं की अलीकडच्या फायलींची जी यादी समोर येते, तिच्यावरच त्यांचं इतकी वर्षं भागलं. ‘फाइल कुठल्या फोल्डरात आहे हे मला कधी माहीतच नव्हतं. यादीतून उघडायची, काम करायचं, कंट्रोल-एस दाबायचं,’ असं त्या लिहितात. कामं वाढली तशी धाकटी जाऊ दुपारची मदतीला बसू लागली. तिला टापटिपीची भारी हौस. ताई मुंबईला लग्नाला गेल्या असताना तिनं सगळ्या फायली नव्या फोल्डरांत लावल्या आणि वर्डची यादी पुसून टाकली. ताई परतल्या तर यादी रिकामी. एका मुलीच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण अजून सापडलेलं नाही आणि ती रोज संध्याकाळी फोन करते. घरात दोघी जेवढ्यास तेवढं बोलतात. ताई विचारतात, दिवाळीच्या सुट्टीत बसून सगळ्या जुन्या फायली नव्यानं लावू का? जाऊला ‘संगणकाला हात लावू नकोस’ असं स्पष्ट सांगू का? आणि पत्राच्या शेवटी: ‘मी मुळातच अव्यवस्थित. आता वयही झालं. हे काम सोडून द्यावंसं वाटतं.’

ताई,

आधी त्या मुलीचं प्रकरण शोधू. बाकीचं नंतर बोलू.

यादी पुसल्यानं फाइल पुसली जात नाही. वर्डमध्ये ‘क्लिअर अनपिन्ड आयटम्स’ म्हटलं की नावं तेवढी जातात. दारातल्या चपला कुणी उचलून ठेवल्या म्हणून घरातली माणसं नाहीशी होत नाहीत, तसंच हे. फायली डिस्कवरच आहेत. जाऊबाईंनी हलवल्या असतील तर फक्त नव्या जागी आहेत.

विंडोजची कळ आणि ई एकत्र दाबा. डावीकडे ‘धिस पीसी’ निवडा आणि उजव्या कोपऱ्यातल्या शोधचौकटीत इंग्रजीत टिंब देऊन डीओसीएक्स लिहा. थोडा वेळ लागेल, मग फायलींची रांग लागेल. ‘व्ह्यू’मधून ‘डीटेल्स’ निवडा आणि ‘डेट मॉडिफाइड’ या रकान्याच्या मथळ्यावर क्लिक करा. सगळ्यात शेवटी बदललेली फाइल वर येईल. इथं एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. फाइल एका फोल्डरातून दुसऱ्यात हलवली तरी शेवटच्या बदलाची तारीख तीच राहते. त्यामुळे तुम्ही मुंबईला जायच्या आधीच्या आठवड्यात ज्यांवर काम केलंत, त्या फायली एका घोळक्यात दिसतील, मग त्या जाऊबाईंनी कुठंही ठेवलेल्या असोत. नाव आठवत नसेल तर ‘साइझ’चा रकाना बघा. प्रबंधाचं प्रकरण चार पानी भाडेकरारापेक्षा मोठंच असणार. जाता जाता रीसायकल बिनही उघडून बघा.

तिथंही नसेल तर विंडोजची कळ आणि आर दाबून येणाऱ्या चौकटीत इंग्रजीत ‘रीसेंट’ लिहा आणि एंटर करा. उघडलेल्या फायलींची एक नोंद विंडोज स्वतःही ठेवतं, आणि वर्डची यादी पुसली तरी ती आपोआप पुसली जात नाही. एखाद्या ‘क्लीनर’ प्रोग्रॅमनं तीही साफ केली नसेल तर निदान फाइलचं नाव तरी हाती लागेल.

माझा संशय मात्र वेगळाच आहे. तुम्ही लिहिता की ती मुलगी प्रकरणं व्हॉट्सॲपवर पाठवायची. संगणकावरच्या व्हॉट्सॲपमधून किंवा मेलमधून फाइल थेट क्लिक करून उघडली की ती बऱ्याचदा त्या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या, खोलवर दडलेल्या तात्पुरत्या फोल्डरात जाऊन बसते. आपण तिच्यात दिवसभर काम करतो, कंट्रोल-एस दाबतो, आणि ती ‘डॉक्युमेंट्स’मध्ये आहे असं समजतो. तिच्यापर्यंत पोचायचा एकच धागा असतो, तो म्हणजे वर्डची यादी. जाऊबाईंनी ‘डॉक्युमेंट्स’ कितीही नीट लावलं असलं तरी ही फाइल त्यांच्या नजरेला पडलेलीच नसणार. असे फोल्डर विंडोज लपवून ठेवतं, त्यामुळे ‘व्ह्यू’मध्ये ‘हिडन आयटम्स’वर खूण करून पुन्हा शोधा. त्या ‘रीसेंट’ फोल्डरात तिचा शॉर्टकट दिसला तर त्यावरच डबल क्लिक करा. आणि फाइल उघडली रे उघडली की दुसरं काहीही करायच्या आधी एफ१२ दाबून ती तुमच्या फोल्डरात सेव्ह करा.

‘ओपन’च्या यादीच्या तळाशी ‘रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स’ असंही एक बटण असतं. ते कधीच सेव्ह न केलेल्या फायलींसाठी. वर्ड अशा मसुद्यांची प्रत साधारण चारच दिवस ठेवतं, म्हणून तुमच्या कामाचं नाही. पण वीज गेली आणि सेव्ह करायचं राहिलं असं ज्यांचं होतं, त्यांनी ते लक्षात ठेवावं. वर्ड मूळच्या सेटिंगमध्ये दर दहा मिनिटांनी अशी प्रत घेतं, ती वेळ ‘ऑप्शन्स’मधल्या ‘सेव्ह’मध्ये जाऊन कमी करता येते.

आता तुमच्या अव्यवस्थितपणाबद्दल. हे मला काही पटलेलं नाही. अव्यवस्थित माणसाकडे एकाच पेठेतली माणसं वर्षानुवर्षं काम घेऊन येत नाहीत. अलीकडचं वर आणि जुनं खाली, ही एक रचनाच आहे, आणि टायपिंगच्या कामाला ती शोभतेही. आज हातात असलेल्या पाच-सात कामांपैकीच एखादी फाइल तुम्हाला दिवसातून दहादा उघडायची असते. तिच्यासाठी चार फोल्डर उघडत आत जाण्यापेक्षा यादी केव्हाही बरी. जाऊबाईंना हे कदाचित कुणी सांगितलेलं नसेल.

यादीची गाडी अडते ती दुसऱ्या ठिकाणी. एक तर तिची लांबी ठरलेली आहे. आताच्या वर्डमध्ये ती जास्तीत जास्त ५० फायली दाखवते. ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘ॲडव्हान्स्ड’ असं जाऊन ‘डिस्प्ले’ या भागात आकडा कमी करता येतो, ५०च्या वर नेता येत नाही. लग्नसराईत जाऊबाईंनी दोन दुपारीत तीस बायोडाटा उघडले की तुमची इतिवृत्तं आपोआप खाली सरकणार आणि यादीतून पडणार. त्यासाठी कुणी यादी पुसायचीसुद्धा गरज नाही.

दुसरं म्हणजे भाडेकरार. ते बहुतेक अकरा महिन्यांचे. घरमालक अकरा महिन्यांनी दारात उभा राहतो आणि म्हणतो, ‘ताई, मागचाच काढा, भाडं तेवढं वाढवायचंय.’ नोंदणी हल्ली ऑनलाइन होत असली तरी अटींचा मसुदा लोकांना तुमच्याकडूनच हवा असतो. तोवर ती फाइल यादीतून कधीच गेलेली असते. म्हणजे चालू कामाला यादी उत्तम आणि परत येणाऱ्या कामाला निरुपयोगी. जाऊबाईंच्या फोल्डरांचं नेमकं उलटं: परत येणाऱ्या कामाला उत्तम, चालू कामाला कटकटीचे. दोघी आपापल्या जागी बरोबर आहात. फक्त संगणक एकच आहे आणि त्यावर दोघींचं खातंही एकच आहे, इथं घोडं पेंड खातंय.

खातं वेगळं करा. विंडोजच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘अकाउंट्स’ आहे, तिथं जाऊबाईंच्या नावानं दुसरं खातं उघडा. प्रत्येक खात्याची वर्डची यादी स्वतंत्र असते. त्यांनी त्यांची यादी रोज पुसली तरी तुमच्या यादीतलं एक नावही हलणार नाही, आणि त्यांचे तीस बायोडाटा तुमच्या इतिवृत्तांना ढकलणार नाहीत. एक काळजी घ्या. दोन खात्यांचे ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डरही वेगवेगळे होतात, म्हणून कामाच्या फायली डी ड्राइव्हवर एका सामाईक फोल्डरात ठेवा. डी ड्राइव्ह नसेल तर ‘पब्लिक डॉक्युमेंट्स’मध्ये ठेवा, तो दोघींना दिसतो.

आणि हो, यादी पुसण्यामागे जाऊबाईंचं काही कारण असेल, हे तुम्ही विचारलंत का? पत्रात तसं कुठं दिसत नाही. तुमची ती पुढची खोली डोळ्यापुढं आणा. पलीकडच्या वाड्यातल्या काकू मुलीचा बायोडाटा घेऊन तुमच्या शेजारी खुर्चीत बसल्यात. तुम्ही वर्ड उघडता. समोर मोठ्या अक्षरांत यादी: अमक्यांचं मृत्युपत्र, तमक्यांच्या घटस्फोटाचा अर्ज, आणि दोन घरं सोडून राहणाऱ्या मुलीचा बायोडाटा, तोही ‘सुधारित’. काकूंना चष्म्याशिवायही हे सगळं वाचता येतं. पेठेत बातमी पसरायला एवढं पुरे आहे. जाऊबाईंच्या मनात हे असेल तर त्यांचा हेतू चुकीचा नव्हता, फक्त इलाज जालीम होता. एखादंच नाव काढायचं असेल तर त्यावर उजवं क्लिक करून ‘रिमूव्ह फ्रॉम लिस्ट’ म्हणावं, फाइल सुखरूप राहते. गिऱ्हाईक शेजारी असताना सरळ कंट्रोल-एफ१२ दाबावं. यादी न दाखवता फाइल उघडायची साधी चौकट येते.

पिनबद्दल थोडं. यादीतल्या नावावर माउस नेला की उजवीकडे टाचणीचं चिन्ह उमटतं. ते दाबलं की फाइल कायम वरच्या भागात राहते आणि ‘क्लिअर अनपिन्ड’ केलं तरी जात नाही. जाऊबाईंनी वापरलेल्या आज्ञेतच ही सवलत होती. टाचणी फक्त चालू कामांना लावा आणि काम संपलं की काढा. लोक सगळंच टाचून ठेवतात, मग टाचलेल्यांचीच लांबलचक यादी होते. वर्डच्या ‘ओपन’मध्ये फोल्डरांनाही टाचणी लागते, ती मला जास्त उपयोगाची वाटते. खाली टास्कबारवर वर्डच्या चिन्हाला उजवं क्लिक केलं तरी हीच नावं दिसतात, वर्ड उघडायच्याही आधी.

आता नावांकडे येतो, कारण तुमच्या पत्रातली एक ओळ वाचून मला हसू आलं आणि कारणही कळलं. तुम्ही लिहिलंय, ‘यादीत सगळं श्री श्री श्री दिसतं, म्हणून मी तारखेवरून ओळखते.’ नवी फाइल पहिल्यांदा सेव्ह करताना वर्ड स्वतःच नाव सुचवतं आणि ते मजकुराच्या पहिल्या ओळीतून उचलतं. आपल्याकडची पहिली ओळ काय असते? बायोडाटावर श्री गणेश प्रसन्न. पत्रावर ‘प्रति’. इतिवृत्तावर सोसायटीचं लांबलचक नोंदणीकृत नाव, जे दरवेळी तेच. आपण घाईत एंटर दाबतो. मग ‘श्री गणेश प्रसन्न’, ‘श्री गणेश प्रसन्न २’, ‘प्रति’, ‘प्रति नवीन’, ‘प्रति फायनल’, ‘प्रति फायनल खरी’ अशी वंशावळ तयार होते. अशा घरात यादी असो वा फोल्डर, दोन्ही सारखेच आंधळे. जाऊबाईंनी फायली फोल्डरांत लावल्या तेव्हा त्यांनाही प्रत्येक ‘श्री’ उघडून बघावा लागला असणार. त्या दुपारीची मला कीव येते.

म्हणून मोठी शिस्त लावायची नसेल तर नका लावू, एवढं एक करा. नवी फाइल उघडली की एक अक्षरही टाइप करायच्या आधी एफ१२ दाबा आणि नाव द्या. नावात आधी माणूस किंवा सोसायटी, मग कामाचा प्रकार, मग तारीख. ‘कुलकर्णी भाडेकरार २०२५-०३-१४’ अशी. तारीख उलटी, म्हणजे वर्ष, महिना, दिवस, आणि महिना-दिवस दोन आकडी. असं केलं की एकाच माणसाच्या एकाच प्रकारच्या फायली नावानुसार लावल्या तरी आपोआप काळानुसार लागतात. आपल्या सवयीनं १४-०३-२०२५ लिहिलं तर प्रत्येक महिन्याची चौदा तारीख एकापाठोपाठ एक येते आणि त्यातून कुणाला काही कळत नाही. तिरकी रेघ विंडोज नावात घेतच नाही, म्हणून आडवी. आकडे एकतर सगळीकडे मराठी ठेवा, नाहीतर सगळीकडे इंग्रजी. सरमिसळ केलीत तर शोधताना फसाल. आणि ‘फायनल’ हा शब्द नावातून कायमचा हद्दपार करा. प्रबंधाच्या गाइडबाईंनी सही करेपर्यंत काहीही फायनल नसतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

भाडेकरारांच्या बाबतीत यादी आणखी एक घात करते. मागचा करार यादीतून उघडायचा, नावं बदलायची, आणि हात सवयीनं कंट्रोल-एसवर. झालं, जोशींच्या कराराच्या जागी देशपांड्यांचा करार, आणि जोशी अकरा महिन्यांनी येणारच आहेत. यादीतल्या नावावर उजवं क्लिक केलं तर ‘ओपन अ कॉपी’ असा पर्याय मिळतो. त्यानं मूळ फाइल बाजूला राहून तिची प्रत उघडते. जुन्यावरून नवं करताना नेहमी तोच वापरा. त्याहून चांगलं म्हणजे भाडेकराराचा कोरा नमुना एकदाच करून तो वर्ड टेम्प्लेट म्हणून सेव्ह करणं. नावांच्या जागी ठसठशीत रिकाम्या रेघा ठेवा. मग कलम सातमध्ये मागच्या भाडेकरूचं नाव राहून गेलं, असं कुणी दाखवून द्यायला येणार नाही.

तुमची मुलगी म्हणते की फोल्डर-बिल्डर कशाला, नुसतं सर्च कर. इंग्रजीत काम करणाऱ्याला ते जमतं. आपल्याला त्यात तीन अडथळे आहेत, आणि ते मराठीत टाइप करणाऱ्या प्रत्येकानं समजून घ्यावेत असं मला वाटतं.

तुमच्या जुन्या फायली श्रीलिपी किंवा आयएसएम या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरच्या फॉन्टमधल्या असणार. श्रीलिपी बनवणारी मॉड्युलर इन्फोटेक आणि आयएसएम बनवणारं, १९८८ साली सुरू झालेलं सी-डॅक, दोन्ही पुण्यातलीच, आणि मराठी छपाईची एक अख्खी पिढी त्यांच्यावर पोसली. पण त्या जुन्या पद्धतीत पडद्यावर ‘क’ दिसत असला तरी संगणकाच्या दृष्टीनं आत एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह साठवलेलं असतं. खात्री करायची तर जुनी फाइल उघडा, एक परिच्छेद निवडा आणि फॉन्ट बदलून निर्मला करा. इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसली की समजा, ही युनिकोड नाही, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीतली नाही. अशा फायलीत विंडोज मराठी शब्द शोधूच शकत नाही. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, पण आपल्या दुकानांत आणि घरांत ती यायला फार वर्षं गेली, आणि मधल्या काळातलं सगळं काम असं मुकं पडून आहे. त्यांच्यासाठी फाइलचं नाव हाच एक हँडल. नाव मात्र युनिकोडमध्येच टाइप करा.

दुसरा अडथळा युनिकोडमध्येही आहे. ‘दुसऱ्या’ हा साधा शब्द घ्या. त्यातला तो डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: काही कीबोर्ड नुक्त्याचा ऱ वापरतात, काही साध्या र ला हलन्त देऊन मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. तिसरा अडथळा ‘ॲडव्होकेट’चा. सुरुवातीचा ॲ हे एक स्वतंत्र अक्षर आहे, पण पुष्कळ जण अ काढून त्यावर अर्धचंद्र देतात. तुम्ही एका कीबोर्डवर टाइप करता, जाऊबाई मोबाइलसारख्या दुसऱ्यावर, आणि मग ‘ॲडव्होकेट’ शोधलं तर अर्ध्याच फायली येतात. शोधताना शब्दाचा असा भाग टाळून उरलेला भाग द्या. ‘डव्होकेट’ शोधलं तर वर्डच्या आत दोन्ही सापडतात. फायलींच्या नावात तर ही अक्षरं असलेले शब्द शक्यतो नकोतच, ‘वकील’ लिहा.

तर दिवाळीचं काय? लावू नका. जुन्या फायली नव्यानं लावायला बसलात तर फराळही होणार नाही आणि फायलीही लागणार नाहीत. बाराशे ‘श्री’ उघडून बघायचे, त्यातल्या हजारांसाठी कुणी परत येणार नाही. जुनं सगळं आहे तसं ‘जुनं’ नावाच्या एका फोल्डरात टाका आणि झाकून ठेवा. जेव्हा एखादं जुनं गिऱ्हाईक दारात येईल, तेव्हा त्याची फाइल तेवढी बाहेर काढा, नीट नाव द्या आणि नव्या जागी ठेवा. जी कामाची आहेत ती वर्षभरात आपोआप बाहेर येतात.

नवीन कामासाठी दोनच फोल्डर. एक ‘चालू’, एक ‘झालेली’. ‘चालू’मध्ये प्रत्येक कामाची फाइल, आणि प्रबंधासारखं बहुप्रकरणी काम असेल तर त्याचा एक पोटफोल्डर. पैसे हातात पडले की फाइल ‘झालेली’मध्ये जाते, तिथं वर्षवार. हा नियम मी मुद्दाम पैशांशी बांधतोय. काम कधी संपलं यावर वाद होऊ शकतो, पैसे आले की नाही यावर होत नाही. आणि फाइल तेव्हाच हलवायची असते. चालू असताना हलवली की यादीतलं नाव जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवत राहतं, क्लिक केलं की वर्ड म्हणतं फाइल सापडत नाही, आणि माणसाला वाटतं गेली. यादीत प्रत्येक नावाखाली बारीक अक्षरांत फाइलचा पत्ता असतो, तो वाचायची सवय लावा. त्यात ‘चालू’ दिसलं नाही तर ती फाइल भलत्या जागी आहे, लगेच एफ१२. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत्येक फाइल तर आधी ‘चालू’मध्ये सेव्ह करून मगच उघडायची.

दिवाळीत काही करायचंच असेल तर ‘चालू’ आणि ‘झालेली’ यांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. गूगलच्या खात्यावर १५ जीबी आणि वनड्राइव्हवर ५ जीबी जागा फुकट मिळते, वर्डच्या फायलींना ती भरपूर होते. वनड्राइव्ह चालू करताना मात्र एक बघा, ते कधी कधी ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डरच स्वतःकडे घेतं आणि मग एकाच नावाचे दोन फोल्डर दिसायला लागतात. गिऱ्हाइकांची मृत्युपत्रं-करार दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवायचे की नाही, हेही ठरवा. मी हार्ड डिस्क निवडेन.

वर्ड न वापरणाऱ्यांसाठी दोन ओळी. लिबरऑफिस रायटरमध्ये ‘फाइल’ मेन्यूत ‘रीसेंट डॉक्युमेंट्स’ असतं, आणि कुठलीही फाइल न उघडता लिबरऑफिस सुरू केलं तर अलीकडच्या फायलींची छोटी चित्रंच समोर येतात. गूगल डॉक्स पहिल्या पानावर तुम्ही शेवटी उघडलेली फाइल वर ठेवतं. तिथं दुसऱ्यांनी तुम्हाला दाखवलेल्या फायलीही मिसळतात, म्हणून चालू कामांना ‘स्टार’ द्यावा. जुने बदल हवे असतील तर ‘व्हर्जन हिस्टरी’ आहेच.

राहिला जाऊबाईंचा प्रश्न. ‘हात लावू नकोस’ म्हणू नका. त्या तुमच्या कामाचा अर्धा भार उचलतायत, आणि ज्या गोष्टीचा तुम्हाला कंटाळा आहे तिची त्यांना हौस आहे. असं माणूस घरात असणं ही सोय आहे. न विचारता फायली हलवल्या, ही त्यांची चूक तेवढी सांगा, तीही एकदाच, आणि ते प्रकरण सापडल्यावर, म्हणजे आवाज खालचा राहील. मग चहा घेऊन दोघी संगणकासमोर बसा आणि वाटणी करून टाका. ‘झालेली’ आणि ‘जुनं’ त्यांच्याकडे. तिथं वर्ष करोत, आडनावं करोत, रंगीत फोल्डर करोत. ‘चालू’ तुमच्याकडे, तुमच्या यादीसकट. तिथली फाइल त्यांनी तुम्हाला विचारल्याशिवाय हलवायची नाही, आणि ‘झालेली’मध्ये तुम्ही नाक खुपसायचं नाही.